पहाटेच्या थंडीत गाडी अडते तेव्हा दोष नेमका कुणाचा?

आठवडी बाजारात माल विकणाऱ्या व्यापाऱ्याचा दिवस गाडीच्या चावीपासून सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्या धाराशिव जिल्ह्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी दहाच्याही खाली जातो. तुळजापूर, येडशी, येरमाळा हा बालाघाटचा माथा तर अधिकच गार. अशा वेळी आदल्या रात्री गठ्ठे भरून ठेवलेला टेम्पो सुरू झाला नाही, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते. बाजारातली नेहमीची जागा दुसरा धरतो, सकाळचे गिऱ्हाईक हातचे जाते, भाड्याच्या गाडीला मागेल तो दर द्यावा लागतो. लग्नसराईत एक बाजार बुडाला की सोलापूरच्या पेढीचा हप्ता पुढच्या आठवड्यावर जातो. सुतार, लोहार, वेल्डिंगवाले, फर्निचरवाले या आपल्या कारागीर बांधवांचीही हीच गत आहे.

तंगीत सापडलेला माणूस पहिले काम करतो ते नवी बॅटरी उचलण्याचे, तीही बहुधा उधारीवर. पाच-सहा हजार रुपये गेले आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच अडली, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. आम्ही मिस्त्री नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण वीस-बावीस वर्षे डिझेलच्या गाड्या या जिल्ह्याच्या बाजारांत फिरवल्यामुळे आणि चांगल्या मिस्त्रींजवळ बसून विचारपूस केल्यामुळे जी मालूमात जमली, ती इथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की आपल्याकडची थंडी गाडी बंद पाडण्याइतकी कडक नाहीच. लडाखमध्ये हिवाळ्यात साधे डिझेल टाकीत गोठते, म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये तिथल्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होते. तिथल्या माणसाने थंडीला दोष दिला तर ते खरे आहे. धाराशिव, कळंब किंवा उमरग्याच्या दहा अंशांत डिझेल गोठत नाही आणि धडधाकट बॅटरीही हार मानत नाही. आपल्याकडची थंडी फक्त आधीच घर करून बसलेला दोष उघडा पाडते.

हा दोष बहुधा उन्हाळ्यात लागलेला असतो. बॅटरी ही शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाच्या तेजाबाची पेटी. उष्णता वाढली की आतली झीज वाढते. ढोबळ हिशोब असा की दर आठ-दहा अंश जास्त तापमानाला बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर चाळीस-बेचाळीस अंश, बॉनेटच्या आत त्याहून कितीतरी अधिक. त्यात पाणी आटते, पट्ट्या उघड्या पडतात, त्यांच्यावर पांढरा थर धरतो. पण तेव्हा इंजिन गरम आणि ऑइल पातळ असल्याने कमजोर बॅटरीही सेल्फ फिरवून देते. डिसेंबरात ऑइल दाट होते, सेल्फला जास्त जोर लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची देण्याची ताकद उतरते. सत्तावीस अंशांवर जी बॅटरी पूर्ण ताकद देते, ती शून्य अंशावर साधारण दोन-तृतीयांश देते. दहा अंशांवर चार-पंचमांश धरावी. चांगल्या बॅटरीला एवढी उतर काहीच नाही. मे महिन्यात निम्मी झालेली बॅटरी मात्र इथेच अडकते. मरण उन्हाळ्यातले, दफन हिवाळ्यात!

आवाजावरून ओळख

चावी फिरवल्यावर गाडी काय बोलते ते आधी ऐकावे. मिस्त्रीला फोन लावतानाही हेच सांगावे लागते.

चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही, डॅशबोर्डवरचे दिवेही मंद किंवा बंद, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिची वायर निसटली आहे. नुसते ‘टक्’ किंवा ‘टक्-टक्-टक्’ असे होत राहिले तर करंट थोडा पोहोचतो आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही. म्हणजे बॅटरी कमजोर, जोड ढिले, नाहीतर सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले. हेडलाइट लावून चावी फिरवून पाहावी. दिवे एकदम विझत असतील तर संशय बॅटरीवर आणि तिच्या जोडांवर घ्यावा. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या स्विचवर.

सेल्फ रडत-रडत, ओढत फिरतो, ही थंडीतली सर्वांत नेहमीची तक्रार. तिच्यात बॅटरी, अर्थिंग आणि ऑइल या तिघांचाही हात असू शकतो. आणि सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरीला हात लावण्याचे कारणच नाही. तिथे डिझेल, हवा किंवा हीटर प्लग यांचे प्रकरण आहे. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी अर्ध्या विनाकारण खरेद्या वाचतील.

मीटर बाळगावे

तीन-चारशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. कापडवाल्याकडे जसा मीटरपट्टा, तसा गाडीवाल्याकडे हा मीटर असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही सुरू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर लावून आकडा पाहावा. 12.6 व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12 म्हणजे तळाला आलेली. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून तोच आकडा बघावा. सेल्फ फिरत असताना तो साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. रात्री 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच आठवर कोसळत असेल, तर ती आतून गेलेली आहे, चार्जिंग करून काही उपयोग नाही. इंजिन सुरू झाल्यावर आकडा 13.8 ते 14.4 च्या दरम्यान यायला हवा. न आल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहावा. चार्ज न करणाऱ्या अल्टरनेटरला नवी बॅटरी जोडणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पट्ट्यांवर पाणी आहे ना ते दर महिन्याला पाहावे आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी क्षाराचे, ते बॅटरीला विष आहे. कमी झालेले असते ते पाणी, म्हणून तेजाबही ओतू नये. बॅटरीवाल्याकडे हायड्रोमीटर असतो, त्याने सहाही घरे तपासून घ्यावीत. पाच घरे 1250 च्या आसपास आणि एक 1150 दाखवत असेल, तर ते एक घर बसले आहे. अशा बॅटरीवर आणखी पैसा घालू नये.

आता जोडांविषयी, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. आमच्या ओळखीच्या एका चादर व्यापाऱ्याने एका हिवाळ्यात दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही वेळा दुकानदाराने जुनी बॅटरी न तपासता नवी बसवून दिली. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने गाडीखाली जाऊन इंजिनापासून चेसिसला येणारी अर्थिंगची पट्टी दाखवली. गंजून तिचे चार-दोन धागे उरले होते. पट्टी बदलली, खर्च दोनशेच्या आत आला आणि गाडी एका चावीत सुरू झाली. सेल्फला शेकडो अँपिअर करंट लागतो, तो जातो जाड लाल वायरीने आणि परत येतो याच पट्टीने. वाट अरुंद झाली की भरलेली बॅटरीही दुबळी वाटते.

ही तपासणी घरी होते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी आणि सेल्फ मारायला सांगावे. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास असेल तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब आहेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवून, घासून, कोरडे करून वरून व्हॅसलीन लावावे. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

बाजारातला दिवा आणि भोंगा

आपल्या धंद्यातली एक खास गोष्ट मिस्त्रीला ठाऊक नसते, ती आपणच ध्यानात घ्यायला हवी. बाजारात ‘दोनशेला दोन, दोनशेला दोन’ असे ओरडणारा भोंगा आणि संध्याकाळी मालावर पडणारा दिवा हे दोन्ही गाडीच्या बॅटरीवर चालतात. हिशोब करून पाहू. भोंग्याचा ॲम्प्लिफायर वीस वॅट, दिवे वीस वॅट, मिळून चाळीस. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते सव्वातीन अँपिअर ओढतात. चार तास चालले तर तेरा अँपिअर-तास गेले. लहान टेम्पोची बॅटरी चाळीस-पन्नास अँपिअर-तासांची, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा तिथेच संपला. परत येताना वीस-पंचवीस किलोमीटर, तेही हेडलाइट लावून. एवढ्या अंतरात तो हिस्सा पुरता भरून निघत नाही. आठवड्यात चार बाजार केले तर बॅटरी सदा अर्धपोटी राहते, आणि अर्धपोटी बॅटरीवर तो पांढरा थर लवकर धरतो. मग पहाटे गाडी अडली की आपण थंडीला नावे ठेवतो.

यावर आमचा मशवरा एकच. दिव्याला आणि भोंग्याला वेगळी लहान बॅटरी ठेवावी, ती घरी चार्ज करावी, आणि गाडीची बॅटरी फक्त गाडीला राहू द्यावी. किंवा पंधरा दिवसांतून एक रात्र गाडीच्या बॅटरीला चार्जर लावावा. चार्जिंगची जागा मोकळी हवेशीर असावी, कापडाच्या गोदामात हे काम करू नये.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडून पेट घेतो. इंजिन गार असले, सेल्फ सावकाश फिरला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा पुरेशी तापत नाही. हीटर प्लग, म्हणजे ज्याला पुस्तकात ग्लो प्लग म्हणतात, तो अशा वेळी आतली हवा तापवून देतो. जुन्या पद्धतीच्या ज्या डिझेल इंजिनांत तो बसवलेला असतो, तिथे चावी अर्धी फिरवून गुंडाळीच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच सेल्फ मारावा. घाईने एकदम चावी फिरवणारे ड्रायव्हर आम्ही रोज पाहतो. दहा सेकंद थांबायला फुरसत नाही आणि नंतर तासभर धक्का मारतात. प्लग जळाला आहे का तेही मीटरवर कळते. प्लगची वायर सोडवून त्याचा रोध मोजावा. एखाद-दोन ओहम म्हणजे ठीक, काहीच न दाखवल्यास प्लग गेला. नव्या कॉमन रेल इंजिनांना आपल्या थंडीत प्लगची फारशी गरज पडत नाही. त्यांना सेल्फचा वेग आणि डिझेलचा दाब नीट लागतो. तिथे इंजिनाचा दिवा लागून राहिला तर स्कॅनर असलेल्या मिस्त्रीकडेच जावे.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करावा. पांढरा धूर निघतो आहे म्हणजे डिझेल सिलिंडरात पोहोचते आहे, पण पेटत नाही. हीटर प्लग, सेल्फचा मंद वेग, नोझल किंवा झिजलेल्या रिंगा या बाजूला शोध घ्यावा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. रात्रीत पाइपातून डिझेल मागे टाकीत उतरते आणि जागा हवा घेते. आपले मिस्त्री याला ‘एअर घेतली’ म्हणतात. कारण असते एखादा कडक झालेला रबरी पाइप, ढिली क्लिप किंवा फिल्टरचे चपटे वॉशर. रबर थंडीत आकसते, म्हणून दिवसा न जाणवणारी फट पहाटे उघडी पडते. हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबून सेल्फ मारावा. त्याने गाडी सुरू झाली तर रोग सापडला, पण इलाज पाइप बदलण्याचा आहे. रोज पंप मारत राहण्याने सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातात. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो, तिथून पंधरवड्याला एकदा भांड्यात पाणी सोडून द्यावे. अर्धी टाकी ठेवून थंडीत गाडी उभी राहिली की रात्री आत दव धरते, म्हणून शक्यतो मुक्कामाला टाकी भरलेली असावी.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. आपल्या थंडीत तिची गरज नाही, ते बेकायदेशीर आहे आणि डिझेल पंपाला मिळणारा वंगणाचा भाग त्याने कमी होतो. पंपाच्या दुरुस्तीचा आकडा बॅटरीच्या कित्येक पट असतो. उत्तरेकडे माल घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्या भावांनी मात्र एक लक्षात ठेवावे. इथे भरलेली टाकी घेऊन हिवाळ्यात थेट पहाडी भागात जाऊ नये, वाटेत तिकडचे डिझेल भरत जावे.

ऑइलच्या डब्यावर 15डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत पातळ राहते. 15डब्ल्यूची गारठ्यातली चाचणी उणे 20 अंशांवर होते, तेव्हा आपल्या दहा अंशांना ते पुष्कळ झाले. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेच घालावे. बदलायची मुदत टळून काळे, चिकट झालेले ऑइल मात्र सेल्फला नक्की जड जाते.

पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलला पहाटे चोक ओढावा, सुरू झाल्यावर मिनिटभराने आत ढकलावा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 दुचाकींत कंपन्यांनी सर्रास इंजेक्शन आणले. तिथे चोक नसतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळण्याचेही काम नाही. चावी लावून पंपाचा ‘घूं’ आवाज थांबू द्यावा, मग बटण दाबावे. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या गार असताना पेट्रोलवर सुरू होतात. पण आपण पैसे वाचवायला टाकीत दोन लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवतो. ते शिळे होते, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओल लवकर धरते. दर महिन्याला ते वापरून संपवावे आणि ताजे भरावे.

हे करू नये

इंजिनाखाली किंवा डिझेलच्या टाकीखाली काड्या-कागद पेटवून शेक देण्याचा प्रकार आम्ही महामार्गावरच्या ढाब्यांवर पाहिला आहे. ज्याच्या मागे साड्या-चादरींचे गठ्ठे आहेत त्याने हा विचारही करू नये. एका ठिणगीत गाडी आणि वर्षाचे भांडवल जाईल. हवेच्या फिल्टरमध्ये स्प्रे मारणेही हीटर प्लग असलेल्या इंजिनात धोक्याचे आहे, तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो. रात्री बॉनेटवर गोधडी टाकल्याने दव आणि वारा अडतो इतकेच, गोधडी काही उष्णता तयार करत नाही. आमच्या चादरी खपाव्यात ही इच्छा असूनही हे सांगावे लागते! आणि टाकलीच तर सेल्फ मारण्यापूर्वी काढावी.

सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, नाहीतर त्याचे तांबे जळते. धक्का मारून सुरू करणे जुन्या डिझेल गाडीला चालते. नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीला शक्यतो नको, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या महागड्या जाळीत जाऊन ती खराब होते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जोड घ्यायचा असेल तर आधी व्होल्ट विचारावेत. मोठ्या ट्रकवर चोवीस व्होल्ट असतात, ते आपल्या बारा व्होल्टच्या टेम्पोला जोडले तर दिवे, वायरिंग, कंट्रोल सगळे जळेल. दोन्ही गाड्या बारा व्होल्टच्या असतील तर लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग त्यांच्या पॉझिटिव्हला. काळी वायर त्यांच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटचा जोड लावताना ठिणगी पडते. जवळ बिडी-सिगारेट नको. काढताना हाच क्रम उलटा.

हे सगळे पाहून बॅटरीच बदलायची वेळ आली तर दुकानात जुनी बॅटरी आपल्यासमोर लोड टेस्टरवर तपासायला लावावी. नव्या बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख विचारावी, वर्षभर पडून राहिलेली घेऊ नये. गॅरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर तिथेच लिहून घ्यावा, कारण कोरे कार्ड पुढे कुणी मानत नाही. जुन्या बॅटरीच्या शिशाची किंमत असते, ती बिलातून वजा झाली का ते पाहावे. आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला इंजिन सुरू करून अल्टरनेटरचा आकडा मीटरवर दाखवायला सांगावे. 13.8 च्या खाली असेल, तर त्या दिवशी बॅटरी न घेता आधी इलेक्ट्रिशियनकडे जावे.